दोन्ही दिवे एकदम विझायचे, तेव्हाच कळायला हवं होतं

माझी पिकअप १८ वर्षांची आहे. डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरचा काटा नाही, तेलाच्या बुधलीचं चित्र असलेला लाल दिवा तेवढा आहे. तो एक दिवस लांबच्या फेरीनंतर, गाडी आयडलिंगला उभी असताना, लुकलुकायला लागला. डिपस्टिक काढून पाहिली तर तेल दोन खुणांच्या मधोमध. इंजिन बंद केलं, दहा मिनिटं थांबलो, पुन्हा चालू केलं, तर दिवा गायब. मग पुढच्या फेरीला तोच खेळ.

हे दहा मिनिटांचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ओळखीतून एका गॅरेजचं नाव कळलं. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिन ब्लॉकला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. नाडीपरीक्षाच जणू. "क्रँकची बेअरिंगं गेली साहेब. पंपही दमलाय. अशीच चालवलीत तर सीझ होईल." क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा, आणि सीझ म्हणजे तो आतून जाम होणं. सीझ हा शब्द ऐकला की जुन्या गाडीच्या मालकाचं डोकं चालायचं थांबतं, हे त्याला पक्कं माहीत असावं. दहा मिनिटांनी दिवा जातो हे मी सांगितलं होतं. तो म्हणाला, "जुनं इंजिन आहे, असंच करतं."

स्क्रूड्रायव्हर कानाला लावणं ही काही थाप नाही. आवाज कुठून येतोय ते त्याने खरंच कळतं. पण प्रेशर कानाने मोजता येत नाही. दिवा लावणारा प्रेशर स्विच काढायचा, त्याच भोकात गेजची नळी बसवायची आणि काटा बघायचा, एवढंच काम असतं. अर्धा तास लागतो फार तर. त्याने गेज लावलं नाही आणि मीही लावायला सांगितलं नाही. माझी पहिली चूक ती.

तीन दिवसांनी गाडी मिळाली. बिलात मेन बेअरिंग, बिगएंड बेअरिंग, ऑइल पंप, चेंबरचं (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीचं) गॅस्केट, तेल, फिल्टर, मजुरी, सगळं ओळीने लिहिलेलं. फडक्यात गुंडाळलेली जुनी बेअरिंगं पुढ्यात ठेवली. अर्धगोल, ओरखडलेली, मधूनच तांबं उघडं पडलेली. पाहून पोटात गोळा आला आणि वर कृतज्ञताही वाटली. मोबाइलवर फोटो काढला तो घरच्यांना दाखवायला, की बघा, काय वेळ आली होती. पुढे तोच फोटो कामाला आला.

चावी फिरवली की दिवा लागायचा, इंजिन सुरू झालं की विझायचा. गरम झाल्यावरही लुकलुक नाही. चार महिने मी निर्धास्त गाडी हाकली.

मग एका चढावर फॅनबेल्ट तुटला, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरवणारा पट्टा. बॅटरीचा दिवा लागला आणि त्याच क्षणी ऑइलचाही. मी घाबरून तिथल्या तिथे इंजिन बंद केलं. टो करून जवळच्या दुसऱ्या गॅरेजात नेली. तिथल्या वयस्कर मिस्त्रीने नवा पट्टा चढवला, चालू करून पाहिलं, दोन्ही दिवे विझले. मी म्हटलं, चला, सुटलो. तो मात्र डॅशबोर्डकडेच बघत उभा.

"पट्टा तुटला तर बॅटरीचा दिवा लागेल, बरोबर. ऑइलचा का लागला? ऑइल पंप काय पट्ट्यावर फिरतो होय?"

या इंजिनात पंप आतल्या गिअरवर चालतो. पट्टा तुटो नाहीतर राहो, त्याला पत्ताही नसतो. त्याने चावी फक्त ऑनवर ठेवायला सांगितली, वाकून ऑइल स्विचवरची तार उपसली आणि ओरडून विचारलं, "विझला?" नव्हता विझला. अशा साध्या दिव्याची तार स्विचमधून अर्थिंगला जाते, ती काढली की दिवा विझलाच पाहिजे. मग त्याने तारेचा माग काढला. स्विचवर खोचलेला तुकडा वीतभर वर काळ्या टेपमध्ये संपत होता, कशालाच न जोडलेला. दिव्याची खरी तार अल्टरनेटरकडे जाणाऱ्या, बॅटरीच्या दिव्याच्या तारेला पिळून जोडलेली. म्हणजे चार महिने माझा ऑइलचा दिवा बॅटरी चार्ज होते की नाही एवढंच सांगत होता.

नुसती तार तोडली असती तर चावी फिरवल्यावर दिवा लागला नसता आणि मला संशय आला असता. ही करामत करणाऱ्याला तेही ठाऊक होतं. राग त्याचाच जास्त येतो. एवढं डोकं सरळ कामाला लावलं असतं तर बिघाड सापडला असता.

आता गेज लावलं. आमच्याकडे मिस्त्री प्रेशर किलोत सांगतात, एक किलो म्हणजे साधारण १४ पीएसआय. ढोबळ हिशेब असा की गरम इंजिनात दर १००० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्यांना) १० पीएसआय, म्हणजे ०.७ किलोच्या आसपास मिळावं. नेमका आकडा प्रत्येक इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असतो. थंड असताना काटा तीन किलोवर. गरम झाल्यावर आयडलिंगला एक. मला वाटलं, ठीक तर आहे. त्याने २५०० वर रेस धरून ठेवली. काटा दोनवर चढला, थोडा वेळ थांबला आणि मग डोळ्यादेखत घसरत ०.६ वर आला. रेस सोडली तर ०.३. इंजिन बंद, दहा मिनिटं चहाविना गप्पा, पुन्हा चालू. काटा परत एकवर.

"बेअरिंग झिजलं असेल तर गरम तेलाला आयडलिंगला प्रेशर कमी, रेस दिली की वाढतं, आणि वाढलेलं टिकतं. दहा मिनिटं बसवून बेअरिंग बरं होत नाही. ही जाळी तुंबलीय." चेंबरच्या तळाशी पंपाच्या तोंडावर जाळी असते. पंप तेल ओढतो तेव्हा कचरा जाळीला चिकटतो, इंजिन थांबलं की सुटून खाली बसतो. मी पहिल्या दिवशी तेच सांगत होतो, फक्त मला त्याचा अर्थ माहीत नव्हता.

चेंबर खोलण्याआधी त्याने मला गाडीखाली बोलावून बोल्ट दाखवले. प्रत्येकावर तेल आणि धुळीचा कडक थर, चार महिन्यांत नव्हे, चार वर्षांत बसलेला. गॅस्केट मूळचं. चेंबर कुणी उघडलंच नव्हतं. आत तळाशी काळा गाळ आणि जाळीवर लालसर रबरी तुकडे, नखाएवढे. दोन वर्षांपूर्वी टॅपेट कव्हरची (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाची) गळती थांबवायला सढळ हाताने थापलेलं सिलिकॉन! बाहेर जेवढं ओघळतं तेवढंच आतही ओघळतं, मग तुटून तेलाबरोबर खाली येतं.

एक बिगएंड उघडून पाहिलं. बेअरिंगच्या पाठीवर एसटीडी, म्हणजे कंपनीतून आलेलं मूळ माप. माझ्या फोटोतल्या बेअरिंगांच्या पाठीवर मोठं करून पाहिलं तर ०.५०. क्रँक घासून बारीक केल्यावर बसवतात ते माप. दुसऱ्याच कुणाच्या इंजिनातला भंगार मला दाखवला होता. पहिल्या मिस्त्रीने घातलेलं तेलही मुद्दाम जाड, वर घट्ट करणारं औषध मिसळलेलं. तुंबलेल्या जाळीतून ते ओढायला पंपाला आणखीच जड.

आणि वाईट भाग हा की माझ्या मूळ बेअरिंगवरही आता तांब्याची रेघ दिसायला लागली होती. कापलेल्या फिल्टरच्या कागदावर उन्हात धरल्यावर बारीक चकाकी. ती चार महिन्यांपूर्वी होती का, हे सिद्ध करणार कसं? पहिल्या मिस्त्रीकडे फोटो, गेजचा व्हिडिओ, तार सगळं घेऊन गेलो तर तो हेच म्हणाला, "बघा, बेअरिंगं गेलीच होती ना!" वायरिंग आधीच्या कुणीतरी केलं असेल, म्हणे. कामाच्या आधीचा एकही आकडा माझ्याकडे नव्हता, चेंबरच्या बोल्टचा फोटो नव्हता. अर्धी रक्कम परत देतो म्हणाला, ती अजून यायची आहे.

बिगएंडची बेअरिंगं शेवटी खरोखर बदलावी लागली. या वेळी जुनी माझ्यासमोर निघाली, नवी माझ्यासमोर पाकिटातून बाहेर आली, गेज लावून आधीचे आणि नंतरचे आकडे बिलावर लिहून घेतले. गरम आयडलिंगला १.३, आणि २५०० वर धरलेला काटा जागचा हलला नाही.

तार परत स्विचला लावल्यावर म्हाताऱ्याने मला सीटवर बसवलं. "बघा आता." चावी फिरवली, दोन्ही दिवे लागले. स्टार्टर मारला. बॅटरीचा दिवा विझला. ऑइलचा क्षणभर मागे रेंगाळला, आणि मग विझला.