तारा लावायला नकार देणारा दंतविभाग

माझी 13 वर्षांची मुलगी सेरेब्रल पाल्सीसह, म्हणजे मेंदूतील दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा नसण्याच्या स्थितीसह, जगते. तिचे वरचे दात इतके पुढे आले आहेत की ओठ मिटत नाहीत, दिवसभर लाळ गळते आणि रात्री ती दात खाते. एका खाजगी दवाखान्याने पहिल्याच भेटीत तारांचा खर्च सांगितला. दुसऱ्याने मुलगी स्थिर बसू लागली की आणा, असे सुचवले. त्यानंतर आम्ही एका दंत महाविद्यालयाच्या बालदंत विभागात गेलो.

तेथे तिला दंतखुर्चीवर उचलून ठेवण्याचा हट्ट कोणी धरला नाही. व्हीलचेअर किंचित मागे कलवून, मानेला उशीचा आधार देऊन आणि दातांमध्ये रबरी ठोकळा ठेवून तपासणी झाली. ओठ व गाल बाहेरून दाबतात आणि जीभ आतून रेटते, त्यामुळे हा दाब जेथे तोलला जातो तेथे दात स्थिरावतात, असे तपासणाऱ्या डॉक्टर बाईंनी समजावले. हिचे ओठ उघडे राहतात, श्वास तोंडाने चालतो आणि गिळताना जीभ पुढे येते. म्हणून टाळू अरुंद व उंच झाली आहे आणि दाढा मिटल्या तरी समोर फट उरते. जिभेचा रेटा तसाच असताना तारांनी मागे ओढलेले दात पुन्हा पुढे येण्याची शक्यता मोठी असते, शिवाय तारांभोवती ब्रश फिरवणे आम्हालाच जड जाईल, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. मिळू शकणारे काम असे नाकारणारा दवाखाना मला प्रथमच भेटला.

तूर्त दातांची सफाई, फ्लोराइडचा लेप आणि दाढांच्या खाचा बुजवणे एवढेच झाले, आणि ओठ मिटण्याच्या व्यायामासाठी वाचा-उपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी मिळाली. फिटचे औषध कोणते, हे आवर्जून विचारले गेले, कारण फेनिटॉइन या फिटच्या औषधाने हिरड्या वाढू शकतात आणि गोड सिरपने दात किडू शकतात. पुढे आलेले दात पडल्यावर सहज तुटतात, हेही बजावले गेले.

उणिवा आहेत. केसपेपरच्या रांगेत दीड तास गेला, व्हीलचेअरसाठीचा उतार मागच्या फाटकाकडे आहे आणि तशी पाटी कोठेच नाही. दर भेटीत नवे शिकाऊ डॉक्टर येत असल्याने सगळा इतिहास पुन्हा सांगावा लागतो. औषधांची यादी लिहूनच न्यावी. जबड्याची मापे सहा महिन्यांनी पुन्हा घेतील, तारांचा विषय तेव्हा निघेल.