लशीतून सूट की जहाजांची अकाली निवृत्ती: वादविवादाला कुठला विषय घ्यावा?

संरक्षणावरच्या वादविवादासाठी अमेरिकी नौदलाचे दोन विषय समोर असतील (धार्मिक कारणाने खलाशांना कोविड लशीतून सूट द्यावी का, आणि नवी जहाजं मुदतीआधी निवृत्त करावीत का), तर आधी एक गंमत पाहा. दोन्ही भांडणं एकाच कायद्यात मिटली, निदान कागदावर तरी. बायडन यांनी २३ डिसेंबर २०२२ला सही केलेल्या संरक्षण कायद्याने सैनिकांवरची कोविड लशीची सक्ती मागे घ्यायला लावली. नौदल ज्या नऊ एलसीएस (किनाऱ्याजवळच्या लढाईसाठीच्या छोट्या, वेगवान) युद्धनौका काढून टाकू पाहत होतं, त्यातल्या पाच त्याच कायद्याने नौदलाच्या गळ्यात ठेवल्या.

लशीचा विषय सोपा वाटतो, कारण कोविडवर प्रत्येकाचं मत तयार असतं. नेमका तिथेच संघ घसरतो. पहिलाच वक्ता लस चांगली की वाईट यात शिरतो आणि तीन मिनिटं वाया जातात. खरा मुद्दा हुकूम मोठा की श्रद्धा, हा आहे. सक्तीच्या बाजूला इतिहास भक्कम आहे: वॉशिंग्टनने १७७७मध्येच सैन्याला देवी टोचून घेतल्या होत्या. आणि २०२०मध्ये ‘थिओडोर रूझवेल्ट’ या विमानवाहू जहाजावर हजाराहून जास्त खलाशांना लागण झाली, एकाचा जीव गेला, जहाज पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर अडकून पडलं.

सूट मागणाऱ्यांच्या बाजूला न्यायालय आहे. नौदलाच्या सील कमांडो आणि इतर विशेष दलांतले ३५ जण टेक्सासमध्ये कोर्टात गेले. नौदल वैद्यकीय सवलत देत होतं, धार्मिक अर्ज मात्र एकामागून एक फेटाळत होतं. जानेवारी २०२२मध्ये न्यायाधीश ओ’कॉनर यांनी त्यांच्या बाजूने मनाई हुकूम दिला. मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंशतः स्थगिती दिली: कोणाला कुठे पाठवायचं हे ठरवताना नौदलाला लशीचा विचार करता येईल. दुसऱ्या एका खटल्यात लस न घेतलेल्या विनाशिका-कप्तानाला पदावरून हलवायलाच कोर्टाने मनाई केली. त्यावर नौदलाचं म्हणणं, मग ती विनाशिका आम्ही मोहिमेवर पाठवू शकत नाही. माझ्या मते अख्ख्या वादाचा गाभा या एका जहाजात आहे. दोन्ही बाजूंना वापरता येतं.

जहाजांचा विषय तांत्रिक वाटतो, पण तो एका गिअरबॉक्सपाशी येऊन थांबतो. फ्रीडम वर्गाच्या एलसीएसमध्ये (वरच्या नऊ नौका याच प्रकारच्या) डिझेल इंजिन आणि गॅस टर्बाइनची ताकद एकत्र करणारा गिअर आहे. चाळीसच्या आसपास नॉट (ताशी साधारण ७४ किलोमीटर) वेग हवा तर तो धड चालायला हवा, आणि तो सदोष निघाला. पाणबुडी शोधण्याची यंत्रणाही जमली नाही आणि शेवटी रद्द झाली. जहाजं पंचवीस वर्षांसाठी बांधलेली. ‘सू सिटी’ नोव्हेंबर २०१८मध्ये दाखल झाली आणि ऑगस्ट २०२३मध्ये निवृत्त, पाच वर्षंही नाहीत. विरोधी बाजू सांगेल की चीनकडे जहाजांची संख्या वाढत असताना आपण नवी जहाजं का टाकतोय, आणि गिअर दुरुस्त करता येतो. दोन्ही मुद्दे खरे आहेत. (इथे ‘विराट’चा दाखला देऊ नका. १९५९मध्ये ब्रिटिश नौदलात दाखल झालेलं ते जहाज २०१७मध्ये वय झालं म्हणून गेलं.)

कुठलाही विषय घ्या, ‘मिलवॉकी’ पाठ असू द्या. ही एलसीएस नोव्हेंबर २०१५मध्ये दाखल झाली आणि महिनाभरातच बंद पडून ओढत व्हर्जिनियाला न्यावी लागली. डिसेंबर २०२१मध्ये तीच क्युबातल्या ग्वांतानामो तळावर अडकली, कारण खलाशांमध्ये कोविड पसरला. सगळ्यांनी लस घेतलेली होती! सप्टेंबर २०२३मध्ये तिला निवृत्त केलं. लशीच्या विषयात तुम्ही सक्तीच्या बाजूला असाल, तर प्रतिपक्ष ही लस घेऊनही झालेली लागण तुमच्यावर फेकणारच. उत्तर तयार ठेवा: लागण झाली, पण नौदलाच्या सांगण्यानुसार लक्षणं काहींनाच होती, तीही सौम्य.

नवा संघ असेल तर जहाजं घ्या. आकडे मोजके आहेत, नाणेफेकीत कुठलीही बाजू आली तरी बोलता येतं, आणि परीक्षकाच्या राजकीय मताला फारसा वाव नाही. निकालपत्रं वाचायची सवय असलेला, चिडवल्यावर न चिडणारा वक्ता असेल तरच लशीकडे वळा. त्या विषयात आठ हजारांवर सैनिक सेवेतून गेले, आणि जानेवारी २०२५मध्ये ट्रम्प यांनी त्यांना परत घेण्याचा आदेश काढला. इतक्या ताज्या प्रकरणावर परीक्षक रिकाम्या मनाने बसलेला नसतो.