महाधमनी फाटल्याचा संशय: डी-डायमर, ट्रोपोनिन की थेट सीटी?

एकाएकी छातीत किंवा पाठीत फाडल्यासारखी कळ, आणि ईसीजीत खास काही नाही. महाधमनीचा (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीचा) आतला थर फाटून भिंतीत रक्त शिरलं असेल (डिसेक्शन), तर प्रत्येक तास महागात पडतो. मग आधी काय करायचं?

माझं मत स्पष्ट आहे. डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात येणारा प्रथिनाचा तुकडा) कामाचा आहे, पण संशय कमी असेल तेव्हाच, आणि तोही संशय दूर करायला. निदान पक्कं करायला नाही. म्हणून तपासणीसाठी रक्त घेण्याआधी गुण मोजा. मार्फन (शरीरातल्या जोडऊती कमकुवत करणारा जन्मजात आजार), घराण्यात महाधमनीचा आजार किंवा आधीचा फुगवटा अशी पार्श्वभूमी असेल तर एक. कळ अचानक, तीव्र किंवा फाडणारी असेल तर एक. नाडी किंवा दोन हातांच्या रक्तदाबात फरक, नवी मर्मर (हृदयातून येणारा जादा आवाज), अर्धांगाची लक्षणं किंवा शॉक असेल तर एक. एका गटात कितीही गोष्टी सापडल्या तरी गुण एकच.

बेरीज शून्य किंवा एक आणि डी-डायमर ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरच्या खाली, तर डिसेक्शनची शक्यता फारच कमी उरते. १,८५० रुग्णांच्या ॲडवाइज्ड अभ्यासात (२०१८) अशा गटात सुमारे ३०० जणांमागे एकाचं निदान हुकलं. बेरीज दोन किंवा तीन असेल तर डी-डायमरच्या भानगडीत पडू नका, सरळ सीटी अँजिओग्राफी (शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे रंगद्रव्य, देऊन धमन्यांचा सीटी). भिंतीतच रक्त साकळलेलं असेल किंवा फाट छोटी असेल, तर डी-डायमर नॉर्मल येऊ शकतो. उलट तो वाढला म्हणून डिसेक्शनच, असंही नाही. फुप्फुसातली गुठळी, जंतुसंसर्ग, गर्भारपण, कर्करोग, नुसतं वयसुद्धा त्याला वाढवतं.

ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) इथे फसवतो. फाट हृदयाच्या धमनीच्या तोंडापर्यंत गेली की तो वाढतो, हार्ट अटॅकचं लेबल लागतं आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं जातं. डिसेक्शनमध्ये ते जीवावर बेतू शकतं. ट्रोपोनिन जरूर पाठवा, पण तो वाढला म्हणून महाधमनीचा विचार सोडू नका.

लॅक्टेट (ऊतींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारं आम्ल) वाढलेला असेल तर आतडी किंवा पाय रक्तपुरवठ्याविना उपाशी पडल्याची शंका घ्यावी. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) कॉन्ट्रास्टसाठी पाहतात, पण दाट संशय असताना त्याच्या रिपोर्टसाठी सीटी अडवू नये.

सीटीत किरणोत्सर्ग आणि कॉन्ट्रास्ट आहे, हे खरं. म्हणूनच छातीत दुखणाऱ्या प्रत्येकाला तिकडे पाठवत नाहीत. पण फाट वर चढणाऱ्या भागात आहे (तातडीची शस्त्रक्रिया) की फक्त खाली उतरणाऱ्या भागात (बहुतेकदा आधी औषधं), हे कुठलीही रक्ततपासणी सांगत नाही, ते सीटीच सांगतो. सीटीपर्यंत नेण्याइतका रुग्ण स्थिर नसेल, तर अन्ननलिकेतून इको (हृदयाची सोनोग्राफी).

तुमच्याकडे सीटी नाही आणि बेरीज दोन आहे? मग डी-डायमरची वाट पाहू नका. वेदना शमवा, रक्तदाब टिकून असेल तर आधी बीटा ब्लॉकर देऊन नाडी ६० च्या आसपास आणि वरचा रक्तदाब १२० च्या खाली आणायला सुरुवात करा, आणि त्याच वेळी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयाला फोन लावा.