कॅन्सरग्रस्तांचा विसावा: जुना वाडा की नवी स्लॅबची इमारत?

आर्वीकडच्या भाच्यानं विचारलं, "मामा, कॅन्सरच्या पेशंटांना विसावायला जागा करायची आहे. गावातला मातीचा वाडा दुरुस्त करू, की दवाखान्याजवळच्या प्लॉटवर नवीन बांधू?"

आधी ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. जाड मातीच्या भिंती आणि कवेलूखाली (कौलांखाली) दुपार निभते. स्लॅब मात्र रात्री उशिरापर्यंत धग टाकत राहतो.

देखभालीत वाडा मागे पडतो. दरवर्षी कवेलू फेरा, ओल सांभाळा. केमोनं, म्हणजे कॅन्सरच्या औषधांनी, प्रतिकारशक्ती घटते, त्यामुळे बुरशी परवडत नाही. उंच उंबरे आणि मागच्या अंगणातला संडास हा तर सरळ त्रासच. नव्यात रॅम्प, रुंद दार, कमोड सहज बसतात.

मन मोकळं होण्याचं काय? स्कॉटलंडमधल्या एडिनबरोत १९९६ साली कॅन्सरग्रस्तांना आधार देणारं पहिलं मॅगीज सेंटर सुरू झालं, तेही जुन्या तबेल्यात. मधोमध स्वयंपाकघराचं टेबल. आपल्याकडे ते काम छपरी, म्हणजे घरापुढची ओसरी, करते. पण फोडणीच्या वासानं केमोवाल्याला मळमळतं, म्हणून वाऱ्यानं वास बसायच्या जागेकडे येणार नाही अशा बाजूला चूल हवी. माझ्या काकांना तोंडाचा कॅन्सर होता. पेज गळायची, म्हणून ते भिंतीकडे तोंड करून जेवत. असा एक आडोसा दोन्हीकडे ठेवाच.

उपचारासाठी रोज ये-जा करणाऱ्यांना, चालता येत नसलेल्यांना नवी इमारतच बरी. छतावर पांढरा चुना आणि पुढे रुंद छपरी मात्र हवी. उपचार संपलेल्यांच्या आठवडी बैठकीला वाडा उत्तम, संडास आत घेतला तर.