डी.ई.चा (खात्यातल्या चौकशीचा) खुलासा लिहून घ्यायचाय? कोर्टनाक्याचं टायपिंगवालं दुकान, ४ स्टार

पोलीस लाईनीतल्या बायकांसाठी लिहितेय, कारण नवरे लोक असलं काही उघड लिहू शकत नाहीत. ठाणे शहरात कोर्टनाक्याला झेरॉक्सवाल्यांच्या गर्दीत हे दुकान आहे, बोर्डावर नुसतं भाडेकरार आणि अ‍ॅफिडेव्हिट, पण आत एक रिटायर्ड एएसआय काका बसतात ते कसुरी अहवाल (ड्युटीत कसूर केल्याचा रिपोर्ट), डी.ई., अपील सगळं करून देतात.

आमच्या ह्यांचं मॅटर दहीहंडी बंदोबस्तातलं. गर्दी आवरेना, धक्काबुक्की झाली, काठी चालली आणि कुणीतरी तेवढीच क्लिप फिरवली, झालं, लगेच निलंबन! पगार अर्ध्यावर, वर हजेरी आहेच. क्लिपच्या आधी काय झालं ते कुणी विचारेना आणि "घ्या रे" म्हणणारे साहेब कागदावर कुठेच नाहीत.

काकांनी क्लिप थांबवून थांबवून बघितली आणि विचारलं, पोरगा पळत होता का पडला होता? हे म्हणाले, पडला होता पण... "पण नाय. गर्दी पांगवायला मारलीस त्याचा खुलासा मी लिहितो. पडल्यावर मारलीस तिला खुलासा नसतो, ती कबूल कर, शिक्षा कमी मागू." मला जाम राग आला, पैसे आम्ही देणार आणि हा माणूस साहेबासारखा बोलतोय. पण मग त्यांनी बाकीचं असं काही मांडलं ना, बंदोबस्त किती तास होता, वायरलेसवर काय मेसेज गेले, डायरीला काय नोंद, आपल्या जखमी पोरांचे मेडिकल, आणि पूर्ण सीसीटीव्ही फुटेज मिळावं म्हणून वेगळा अर्ज. शेवटी एक वेतनवाढ रोखली, नोकरी राहिली.

अमेरिकेत म्हणे अशा चौकशीत युनियनचा माणूस शेजारी बसतो, आणि युनियन वाईट पोलिसांनाही वाचवते म्हणून लोक बोंबलतातही. आपल्याकडे तो प्रश्नच नाही. १९६६ च्या कायद्याने सरकारच्या परवानगीशिवाय युनियन काढता येत नाही, आणि १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पोलिसांचं बंड झालं, मिलिटरी आणावी लागली, तेव्हा होती त्या संघटनेची मान्यताही गेली. काकांचं म्हणणं, संघटना असती तर शिपायाबरोबर हुकूम देणाऱ्याचीही चौकशी लागली असती. मला पटतं, पण पडलेल्या पोराची बाजू त्या संघटनेत कुणी घेतली असती का, देव जाणे.

एक स्टार कापला कारण रेट आधी सांगत नाहीत, पानावर लावतात, आणि जुना फॉन्ट वापरतात तो मोबाईलवर उघडतच नाही. बसायला एकच स्टूल. दुपारी जेवायला बंद असतं. जाताना दोषारोपपत्राच्या दोन झेरॉक्स आणि ड्युटी वाटपाचा कागद न्या, नाहीतर सरळ परत पाठवतात.