फॅमिली काउन्सेलिंगचं ऑनलाइन पॅकेज: समुपदेशक मॅडमना पाच स्टार, मुदतीला शून्य

दहा सेशन्सचं पॅकेज ९,९९९ रुपये, मुदत ९० दिवस. सुटं सेशन १,२०० रुपये, म्हणजे पॅकेजमध्ये सेशनमागे दोनशे वाचतात असा देखावा. मुदत संपली आणि उरलेली तीन सेशन्स अ‍ॅपमध्ये करडी पडली. झालेली सात प्रत्येकी १,४२८ रुपयांना पडली, सुट्यापेक्षा महाग. हिशोब इथे मांडून ठेवतो, कारण अ‍ॅपवर तो कुठेच दिसत नाही.

आणि प्रश्न फक्त पैशांचा नाही. हे काम जिमच्या मेंबरशिपसारखं रोज जाऊन उरकता येत नाही. पहिली चार सेशन्स आठवड्याला एक, पुढची चार पंधरवड्याने, शेवटची दोन महिन्याच्या अंतराने, कारण सांगितलेलं घरात रुजायला वेळ लागतो. सगळं सुरळीत झालं तरी साडेचार महिने होतात. मध्ये गणपती, सहामाही, दिवाळी. दोघं पालक मोकळे आणि मॅडमही मोकळ्या अशी संध्याकाळी सात ते नऊची वेळ सगळ्या पुण्यालाच हवी असते. आपण २४ तासांच्या आत रद्द केलं तर सेशन गेलं. मॅडमनी रद्द केलं तर सेशन परत मिळतं, पण गेलेले दिवस मुदतीत वाढत नाहीत! सगळी मेख इथे आहे. मग लोक सेशन्स दाटीवाटीने उरकतात आणि गृहपाठ न करताच पुढच्याला बसतात.

कस्टमर केअरचा चॅटबॉट 'गैरसोयीबद्दल दिलगीर' यापुढे सरकत नाही. मेल करा, त्यात मॅडमनी रद्द केलेल्या तारखांचे स्क्रीनशॉट लावा, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक त्याच मेलमध्ये टाका. एवढं केल्यावर तीस दिवस वाढवून मिळाले. म्हणून अ‍ॅपला दिलेल्या एकाचे दोन स्टार केलेत. नवीन घेणाऱ्यांनी सुटीच सेशन्स घ्यावीत, दोनशे जास्त गेले तरी चालतील.

आता समुपदेशनाबद्दल. ते खरंच चांगलं आहे, आणि त्यातही वही. तीन रकाने आखायचे: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर घरच्यांनी काय केलं. शेजारी वेळ. 'हट्टीपणा केला' असं लिहिलं की मॅडम खोडायला लावतात. 'टीव्ही बंद केल्यावर रिमोट फेकला, बारा मिनिटं रडला, आजीने मोबाइल दिला' असं लिहिलेलं त्यांना हवं असतं. आठवडाभराच्या नोंदी झाल्या की घोळ बहुधा तिसऱ्या रकान्यात सापडतो. दहा वेळा नाही म्हणून अकराव्यांदा मोबाइल दिला तर मूल 'नाही' शिकत नाही, चिकाटी शिकतं. कधीतरीच मिळणाऱ्या गोष्टीसाठी ते जास्त वेळ रडतं. त्यामुळे आजी-आजोबांना निदान एका सेशनला बसवाच. जास्तीच्या माणसाचे वेगळे पैसे लागत नाहीत, पण बुकिंग करताना नाव टाकावं लागतं.

नियम लागू केला की रडणं आधी वाढतं, मग उतरतं. हे कोणी आधी सांगितलेलं नसेल तर पालक चौथ्या दिवशी हात टेकतात, आणि मुलाला कळतं की आवाज आणखी चढवायला हवा. मारणं, डोकं आपटणं याकडे मात्र दुर्लक्ष करायचं नाही, तिथे लगेच थांबवायचं. सूचना द्यायची तर स्वयंपाकघरातून ओरडून नाही. हातभर अंतरावर जाऊन, एका वेळी एकच, आणि प्रश्न न करता. 'आवरतोस का?' याला 'नाही' हे उत्तर असू शकतं, 'ठोकळे डब्यात टाक' याला नसतं. मग पाच सेकंद तोंड बंद ठेवायचं. सगळ्यात अवघड तेच.

नवरा-बायकोच्या भांडणासाठीचा नियमही वापरण्याजोगा आहे: आवाज चढला की किमान वीस मिनिटं वेगळं व्हायचं, पण उठणाऱ्याने परत कधी बोलायचं ते सांगूनच उठायचं. वेळ न सांगता उठलं की तो अबोला होतो, आणि अबोल्याला मॅडमच्या वहीत वेगळी लाल खूण आहे.

सुरुवातीला मॅडमशी चॅट करायची सोय निव्वळ शोभेची वाटली होती. ते मत बदललंय. वहीच्या पानाचा फोटो आदल्या रात्री चॅटवर टाकला तर सेशनच्या ५० मिनिटांतली पहिली पंधरा 'आठवडा कसा गेला' यात जात नाहीत.

बसायची व्यवस्था कोणी सांगत नाही. दोघं एकाच खोलीत दोन फोनवरून जोडले तर आवाज घुमतो. एकच लॅपटॉप, चार-पाच फुटांवर, दिवा समोरून. वन बीएचकेत बाहेर सासू-सासरे असतील तर दाराबाहेर पंखा फुल ठेवा, बोलणं बाहेर जात नाही. आणि गुरुवारी दुपारचा स्लॉट घेऊ नका. देखभालीसाठी लाइट गेली की राउटर बंद, आणि तीही 'ग्राहकाची गैरहजेरी' धरली जाते. राउटरला छोटा यूपीएस लावा, नाहीतर हॉटस्पॉट आधीच चालू ठेवा.

पहिल्या सेशनला दोन गोष्टी विचाराच. एक, पदवी. 'सर्टिफाइड पॅरेंटिंग कोच' ही पदवी नव्हे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, तो परिषदेच्या वेबसाइटवर तपासता येतो. साध्या समुपदेशकांना तो नसतो, मग मानसशास्त्रातलं एमए आणि कोणाच्या देखरेखीखाली काम केलं ते विचारा. औषधं मात्र मानसोपचारतज्ज्ञासारखे डॉक्टरच देतात. दोन, एकाने एकट्याने सांगितलेलं दुसऱ्यापासून लपवणार का? चांगल्या समुपदेशकाचं यावर धोरण ठरलेलं असतं आणि ते दोघांसमोर सांगितलं जातं. मुलावर लैंगिक अत्याचाराचा प्रकार पुढे आला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. गोपनीयता तिथे संपते, हेही आमच्या मॅडमनी आपणहून सांगितलं.

हे सगळं बोलण्याने सुटणाऱ्या घरांसाठी. मारहाण असेल तर जोडप्याने एकत्र बसणं धोक्याचं ठरू शकतं, कारण स्क्रीनवर बोललेल्याची किंमत कॉल संपल्यावर मोजावी लागते; तिथे महिला हेल्पलाइन १८१ किंवा पुणे पोलिसांचा भरोसा सेल. दारू हे मूळ असेल तर आधी येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. अध्ययन-अक्षमतेच्या चाचण्याही समोरासमोरच कराव्यात. पैसेच घालायचे नसतील तर केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेली-मानस १४४१६ ही २०२२ पासून चालू आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही. दर वेळी तोच माणूस फोनवर येईल असं धरून चालू नका, त्यामुळे वहीचं काम तिथे होणं कठीण. पण रात्री अडीचला पोरगी खोलीचं दार उघडत नाही तेव्हा कोणत्याच पॅकेजमधल्या मॅडम फोन उचलत नाहीत, ते उचलतात.