तंबोरा गेला, खुंट्या तेवढ्या परत आल्या

तो माणूस खोटं फार कमी बोलला. म्हणूनच फसलो.

आबाजींचा तंबोरा मिरजेचा, चार तारांचा. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात त्याच्याशिवाय भजन उभं राहिलं नाही. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, लाकूड आकसतं, सरसाचा जोड सुटतो. परवाच्या उन्हाळ्यात भोपळा आणि दांडीच्या मध्ये नख जाईल एवढी फट पडली. खर्ज लावला की पाच मिनिटांत उतरायचा.

त्याच आठवड्यात तो वाद्यं दुरुस्त करणारा आला. मोटारसायकलवर पेटीच्या भात्याचं सामान, ढोलकीच्या पुड्या. आधी मंडळाची पेटी नीट केली, दोनशे रुपयांत, आणि खरंच चांगली केली. मग तंबोरा पाहून म्हणाला, "हे इथं नाही होत भाऊ, मिरजेलेच न्या लागते." बरोबरच होतं. "घोडी हस्तिदंताची हाये. त्याचा धंदा बंद हाये आता, फॉरेस्टवाल्यानं पाह्यली त लफडं होईल. मी हाडाची बसवून देतो." घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. हस्तिदंताच्या व्यापारावर १९८६ पासून बंदी आहे, हेही खरं. पण म्हणून आमची घोडी फुकटात त्याच्या खिशात का जावी, हे मला सुचलं नाही. ती हस्तिदंताची होती की सांबरशिंगाची, हेसुद्धा आम्हाला कुठं माहीत होतं!

साडेचार हजार उचल दिली. पावती मागायची लाज वाटली. पेटी चांगली केली होती ना.

पोळ्याच्या सुमारास तंबोरा आला. खुंट्या त्याच, एक गावच्या सुतारानं बाभळीची करून दिलेली, तीसुद्धा. तारांतले मणी तेच. रोज हात लागतो त्या सगळ्या वस्तू जुन्या, त्यामुळं मला संशय आला नाही. आवाज मात्र पत्र्यासारखा. फोनवर म्हणाला, "नवी जवारी हाये, सहा महिने वाजवा, खुलते." जवारी म्हणजे तारेला झंकार यावा म्हणून घोडीला दिलेली घासणी; ती वाजवून खुलते, हे तर गाणारेही सांगतात. मी रोज सकाळी 'सा' लावून बसलो, त्याचा नंबर बंद पडेपर्यंत.

दिवाळीच्या साफसफाईत मायनं तंबोरा उचलला. माय कधी सुरात गायली नाही, पण चाळीस वर्षं तिनंच तो पुसून कोपऱ्यात ठेवला. म्हणाली, "हा आपला नाही होय रे. हा जड हाये."

अमरावतीच्या एका गाण्याच्या सरांकडे घेऊन गेलो. त्यांनी तारा सैल करून बुडाशी तारा अडकवायचा लंगोट काढला आणि त्याखाली पॉलिश खरवडलं. पांढरंफटक नवं लाकूड. नक्षी प्लास्टिकची. जुना तंबोरा आतून वाळून हलका होतो, हे मायच्या हातांना कळलं, माझ्या कानांना नाही.

पोलीस ठाण्यात विचारलं, जुन्याचा फोटो? माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरदेवाच्या खांद्यामागं अर्धी दांडी दिसते, तेवढाच.

तुमच्या घरी असं वाद्य असेल तर ते दुरुस्तीला देण्याआधी काट्यावर वजन करा. भोपळ्याचा घेर दोऱ्यानं मोजून लिहून ठेवा. घोडी खालच्या बाजूनं, दांडी मागून, भोपळा बुडाकडून, असे फोटो काढा. दोन मिनिटं वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड करा. लंगोटाखाली पेन्सिलनं खूण करा, आणि ती कोणाला सांगू नका. काढलेला प्रत्येक भाग परत मागा, मोडका असला तरी. पावती न देणाऱ्याला वाद्य देऊ नका, मग त्यानं तुमची पेटी कितीही गोड वाजती केली असो. आणि जमलं तर स्वतः जा. महाराष्ट्र एक्सप्रेस बडनेऱ्याहून थेट मिरजेला जाते; कारागिरासमोर बसून जवारी काढून घेता येते. मी साडेचार हजार दिले, तिकीट त्याहून कितीतरी स्वस्त पडलं असतं.

आमचा तंबोरा कुठंतरी विकला गेला असणार. जुनी वाद्यं दिवाणखान्यात ठेवायला घेणारे लोक असतात. त्याच्या भोपळ्याला बुडाशी, डाव्या अंगाला, एक चीर आहे, आणि तिच्यावर आबाजींनी स्वतः घातलेले तांब्याच्या तारेचे पाच टाके. चौथा टाका वाकडा आहे. कोणाच्या घरी असा दिसला तर विकणाऱ्याचं नाव तेवढं विचारून घ्या.